डोंगर व जलाशय यांच्या परिसरातील कौटुंबिक सहल : आखणीचा एक पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी. विषय : परिसर अभ्यास, भूगोल, गणित व मराठी. तासिका : चार)

पाठाचे प्रयोजन

सहलीवर निबंध लिहावयास सांगितले म्हणजे मुले निघतानाचा आनंद लिहितात, पोहोचल्यावरची गंमत लिहितात आणि थकूनभागून घरी परतल्याचे सांगून निबंध संपवितात. सहल होण्यापूर्वी घरात कोणी काय मोजले, कोणाची अडचण कोणी ध्यानात घेतली, शिदोरी कोणी बांधली, याचा त्यात मागमूस नसतो. वास्तविक सहलीतले निम्मे शिक्षण या पूर्वतयारीत असते. ते वर्गात देता येते, त्यास खर्च लागत नाही, आणि ज्या मुलास प्रत्यक्ष सहलीस जाता येणार नाही त्यासही ते पूर्णपणे मिळते.

प्रस्तुत पाठात वर्गाने एका कल्पित कुटुंबाची तीन दिवसांची सहल आखावयाची आहे. आखणी म्हणजे दुसऱ्याची अडचण आधी मनात आणणे, ही गोष्ट या पाठातून मुलांच्या अंगवळणी पडावी. येथे ‘दुसरे’ तीन प्रकारचे आहेत : आपल्याबरोबर चालणारे घरचे लोक, ज्यांच्या गावी आपण जाणार ते लोक, आणि ज्या जलाशयाच्या काठी आपण बसणार त्याचे पाणी खालच्या अंगास पिणारे लोक.

स्थळ म्हणून अहिल्यानगर जिल्ह्याच्या (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) अकोले तालुक्यातील भंडारदरा जलाशय व कळसूबाईचा डोंगर घेतला आहे. राज्यातील सर्वांत उंच शिखर आणि एक मोठा जुना जलाशय येथे अगदी शेजारी आहेत, व या जलाशयाचे पाणी पुढे कित्येक तालुक्यांतील शेतांत व घरांत पोहोचते. अन्य जिल्ह्यांतील शिक्षकांनी आपल्या जवळचे स्थळ घ्यावे. साताऱ्याच्या शाळांना कोयनेचा शिवसागर, कोल्हापूरच्या शाळांना राधानगरी, पुण्याच्या शाळांना मुळशी किंवा पानशेत ही स्थळे तितकीच उपयुक्त ठरतील. पाठाची रीत तीच राहील.

पूर्वतयारी

जिल्ह्याचा व तालुक्याचा नकाशा, बारीक दोरा, मोजपट्टी, दिनदर्शिका, जवळच्या आगारातून उतरून आणलेले एस. टी. गाड्यांचे वेळापत्रक, आणि अंगणातील ओली माती एवढे साहित्य पुरेसे आहे.

एक पथ्य शिक्षकाने अवश्य पाळावे. “यापूर्वी सहलीला कोण कोण गेले आहे? हात वर करा,” अशा प्रश्नाने या पाठाचा प्रारंभ करू नये. त्या एका प्रश्नाने वर्गाचे दोन भाग पडतात, आणि ज्यांचे हात खाली राहतात ती मुले तासभर मान वर करीत नाहीत. त्याऐवजी “घरातील सर्व माणसे मिळून परगावी जावयाचे असेल तर घरात काय काय तयारी होते?” असे विचारावे. यात्रा, लग्न, देवदर्शन यांचा अनुभव प्रत्येक घरी असतो. ऊसतोडणीसाठी दरवर्षी बिऱ्हाड घेऊन निघणाऱ्या घरांतील मुलांस तर तयारीचे ज्ञान इतरांहून अधिक असते. किती दिवसांचे पीठ लागते, अंथरुणाची वळकटी कशी बांधावी, पावसात काडेपेटी कोठे ठेवावी, हे त्यांनी पाहिलेले असते. असे मूल आपण होऊन बोलू लागल्यास त्यास मानाने बोलू द्यावे; न बोलल्यास त्याच्या घरची हकिकत वर्गापुढे काढू नये.

पहिली तासिका : स्थळ व काळ

प्रवरेच्या लाभक्षेत्रातील शाळेत पहिला प्रश्न असा असावा : “आपल्या पाटाला येणारे पाणी कोठून येते?” मुले प्रथम कालव्याचे नाव सांगतील. मग नकाशावर दोरा ठेवून पाण्याच्या उलट दिशेने चालावे. ओझरचा बंधारा, तेथून संगमनेर, अकोले, निळवंडे धरण, रंध्याचा धबधबा, भंडारदरा धरण, आणि सर्वांत वर रतनगडाच्या परिसरातील प्रवरेचा उगम. नंतर तोच दोरा खाली न्यावा. ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते याच नदीच्या काठी आहे, आणि पुढे प्रवरासंगम येथे ही नदी गोदावरीस मिळते. आपण जो डोंगर पाहावयास निघालो आहोत त्याचे पाणी आपल्या दारावरून जाते, हे ध्यानात आले म्हणजे सहलीचे स्थळ मुलांस परके राहत नाही.

येथे धरणाची माहिती थोडक्यात द्यावी. भंडारदऱ्याचे दगडी धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्यास विल्सन धरण म्हणत. त्याची उंची सुमारे ८२ मीटर आहे. शाळेच्या छपराची उंची चार मीटर धरली, तर एकावर एक वीस शाळा रचाव्या लागतील. जलाशयात ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी मावते. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर, तेव्हा हे पाणी किती लिटर होईल, हे सातवीच्या मुलांकडून काढून घ्यावे. उत्तर एकतीस हजार कोटी लिटरांहून अधिक येते.

एवढे पाणी आले कोठून? अंगणात ओल्या मातीचा एक लांबट बांध रचून त्यास सह्याद्री म्हणावे. एका बाजूस कोकण, दुसऱ्या बाजूस देश. समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे या भिंतीशी येऊन वर चढतात, थंड होतात व माथ्यावर पाऊस सांडतात. घाटघर, रतनवाडी या माथ्यावरच्या गावी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस अनेक वर्षी पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटरांवर समाधान मानावे लागते. माथ्यावर तांब्याभर पाणी ओतून ते कसे वाहून जाते ते दाखवावे. नंतर खोऱ्याच्या तोंडाशी विटेचा तुकडा बसवून पुन्हा ओतावे. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरविण्याची युक्ती मुलांच्या डोळ्यांसमोर उभी राहते. विटेमागे पाणी साचताना त्याखाली काय काय बुडाले, हेही याच वेळी दाखवावे. मातीवर आधीच दोन-चार काड्यांची घरे मांडून ठेवली असतील तर प्रश्न मुलेच विचारतात. धरणाच्या पाण्याखाली शेते, वाटा, वाड्या जातात, आणि कोणीतरी आपली जागा सोडलेली असते.

आता काळ. वर्षाचे चार भाग फळ्यावर लिहून प्रत्येकाचे गुणदोष मुलांकडून काढून घ्यावेत.

मे अखेर ते जूनचा मध्य : सायंकाळी वळवाचा पाऊस व विजा. रात्री झाडाझाडांवर काजव्यांचा प्रकाश दिसतो, तो पाहावयास फार गर्दी लोटते.

जून ते सप्टेंबर : मुसळधार पाऊस, दाट धुके, निसरड्या वाटा, ओढ्यांना अचानक येणारे पूर. लहान मुले व वृद्ध बरोबर असता हा काळ टाळावा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी : स्वच्छ हवा. आरंभी जलाशय बहुधा भरलेला असतो, भाताची सोंगणी चालू असते. पुढे थंडी वाढते.

मार्च ते मे : ऊन कडक, पाणी उतरलेले, काठास चिखल.

बहुतेक वर्ग दिवाळीच्या सुटीवर येऊन थांबतात. निवड मुलांची असावी. मात्र प्रत्येक निवडीस कारण मागावे.

याच ठिकाणी तापमानाचे गणित घ्यावे. उंची हजार मीटरने वाढली असता हवा सरासरीने साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. आपले गाव समजा ५५० मीटर उंचीवर आहे. तर फरक सुमारे ११०० मीटर, म्हणजे अदमासे सात अंश. गावात पहाटे १५ अंश असल्यास माथ्यावर ८ अंशांची तयारी ठेवावी. वारा असेल तर गारठा याहूनही अधिक जाणवतो. “स्वेटर घ्यावा की न घ्यावा?” या नेहमीच्या घरगुती वादास गणिताने उत्तर मिळते, याचे मुलांस मोठे नवल वाटते.

दुसरी तासिका : माणसे व वेळ

फळ्यावर कुटुंब मांडावे : वडील, आई, ७७ वर्षांची आजी, १३ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा व ४ वर्षांचे धाकटे भावंड. एकंदर सहा माणसे. मुक्काम धरणाजवळील शेंडी गावी, दोन रात्री.

मुले प्रथम शिखराकडे धाव घेतात. घेऊ द्यावी. बारी गावातून कळसूबाईच्या माथ्यापर्यंतचा चढ सुमारे साडेआठशे मीटर आहे. कड्याच्या अवघड जागी लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. वेळ किती लागेल? स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला. सपाटीवर पाच किलोमीटरांस एक तास, आणि दर सहाशे मीटर चढास आणखी एक तास. वाट सहा किलोमीटर व चढ ८४० मीटर धरला, तर वाटेची ७२ मिनिटे व चढाची ८४ मिनिटे, मिळून १५६ मिनिटे होतात. पण हा हिशेब सरावलेल्या प्रौढाचा. मुले बरोबर असता दीडपट धरावी. २३४ मिनिटे, म्हणजे जवळजवळ चार तास. सकाळी सहास निघाल्यास दहास माथा, तासभर विसावा, उतरणीस तीन तास. दुपारी दोनच्या सुमारास पायथा.

हिशेब पुरा झाला की शिक्षकाने शांतपणे विचारावे : “आजी कोठे आहे?”

येथे वर्ग काही क्षण गप्प होतो. मग उत्तरे येऊ लागतात. आजीला घरीच ठेवू. आजी व धाकटे मुक्कामावर थांबतील. पण चार वर्षांच्या मुलास सांभाळून आजीने आठ तास परक्या गावी एकटे राहावे काय? मग आई थांबेल. हे उत्तर जवळजवळ प्रत्येक वर्गात येते, आणि ते इतक्या सहजपणे येते की त्यापाशी थांबणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते. “आईच का?” एवढेच विचारावे. सहलीत आई सर्वांच्या आधी उठते, डबे भरते, धाकट्यास जेववते, आणि माथा मात्र इतरांनी पाहावा, ही सहल आईची झाली काय? शिक्षकाने व्याख्यान देऊ नये; मुलींना व मुलांना आपापसांत बोलू द्यावे.

या प्रश्नाचे उत्तर एकच नाही. कोणी म्हणेल, आई व मोठी मुलगी चढतील, वडील आजी व दोन्ही मुलांपाशी थांबतील. कोणी म्हणेल, शिखर पुढच्या वर्षी. यंदा सर्व मिळून रतनवाडीस जाऊ. रतनवाडीस जलाशयाच्या काठाकाठाने वाहनाने जाता येते. तेथे अमृतेश्वराचे कोरीव दगडी मंदिर व पायऱ्यांची पुष्करणी आहे, समोर रतनगड उभा आहे, आणि त्याच्या माथ्यावरील खडकास आरपार पडलेले छिद्र, ज्यास लोक नेढे म्हणतात, त्याची गोष्ट आजीलाही ऐकता येईल. प्रत्येक गटाने आपला पर्याय कागदावर मांडावा. नियम एकच : सहाही नावे लिहून प्रत्येक नावापुढे त्या दिवशी ते माणूस काय करील हे लिहिलेले असावे. एकही रकाना रिकामा नसावा.

यावरून मुले स्वतःच एक निष्कर्ष काढतात, तो फळ्यावर ठळक लिहावा : सहलीचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलाने ठरतो.

तिसरी तासिका : शिधा, ओझे व खर्च

शिदोरीचे पदार्थ मुलांनी सुचवावेत व प्रत्येकास टिकण्याच्या कसोटीवर तपासावे. साधी पोळी दुसऱ्या दिवशी कडक होते; दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या त्या मानाने मऊ राहतात. शेंगदाण्याची चटणी, गूळ, शेंगदाण्याचे लाडू, मेतकूट हे पदार्थ बिघडत नाहीत व थोडक्यात अधिक बळ देतात. ओले खोबरे घातलेली चटणी पहिल्याच जेवणात संपवावी. दोन्ही रात्रींचे जेवण आधी सांगून ठेवल्यास गावातील घरी मिळू शकते. त्यायोगे आईची सुटका होते आणि त्या घरास चार पैसे मिळतात.

पाण्याचा हिशेब निराळा करावा. डोंगर चढणाऱ्यास दिवसाला तीन लिटर पाणी धरावे. चौघे चढणार असल्यास बारा लिटर, म्हणजे बारा किलो. हे कोणी वाहावयाचे? शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे असा शासनाचा २०१५ चा आदेश शिक्षकांस ठाऊक आहेच; तेच माप येथे लावावे. मुलीचे वजन ३८ किलो व मुलाचे २५ किलो असेल, तर दोघांनी मिळून ६.३ किलो उचलावे. उरलेले पाणी, खाऊ, गरम कपडे व औषधे मोठ्यांच्या पाठीवर जातात. तेव्हा मुलांस आपोआप कळते की खेळण्यांची पिशवी कोणाच्या तरी पाठीवर जाणार आहे.

प्रवासखर्चासाठी एस. टी.चे भाडे घ्यावे. पूर्ण तिकीट समजा १०० रुपये आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांस अर्धे तिकीट पडते. त्याहून लहान मुलांस पडत नाही. पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांस २०२२ पासून मोफत व सर्व महिलांस २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवासाची सवलत आहे. त्यानुसार हिशेब येणेप्रमाणे होतो :

वडील १०० रुपये, आई ५०, आजी ०, मुलगी ५०, मुलगा ५०, धाकटे ०. एकूण २५० रुपये. जाऊन येऊन ५०० रुपये.

सवलत नसती तर सहा पूर्ण तिकिटांचे जाऊन येऊन १,२०० रुपये झाले असते. बचत ७०० रुपयांची. सवलतींचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी आगारात चौकशी करावी, आणि आजीचे आधारपत्र बरोबर घ्यावे. हे शेवटचे वाक्य मुलांकडून आल्यास उत्तम.

एकंदर खर्चाच्या खाली ‘अनपेक्षित खर्च’ असा रकाना ठेवून एकूण रकमेच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम तेथे धरावी. गाडी चुकली, औषध घ्यावे लागले, मुक्काम वाढला, तर उसनवारीची पाळी येऊ नये. खर्च घराला झेपत नसल्यास काय करावे, हेही मुलांस विचारावे. दिवस कमी करणे, जवळचे स्थळ घेणे, हे उत्तर आखणीचेच अंग आहे. त्यात कमीपणा नाही.

चौथी तासिका : धोके व वागणूक

ही तासिका कोणत्याही कारणाने गाळू नये.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात वर्षासहलीस आलेल्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. ती माणसे प्रवाहाच्या मध्यभागी उभी असता डोंगरावरील पावसाने पाणी थोड्या वेळात वाढले आणि काठावर परतण्यास वाट उरली नाही. मुलांस ही घटना सांगावी, पण भीती घालण्याच्या सुराने सांगू नये. त्यांनी काय ओळखावयास शिकावे एवढेच पुढे ठेवावे : आपण उभे आहो तेथे ऊन असले तरी वर डोंगरात पाऊस चालू असू शकतो. पाणी गढूळ होऊ लागले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली, आवाज वाढला, की त्याच क्षणी काठावर यावे. सामानासाठी मागे फिरू नये. प्रवाहाच्या मधोमध जाऊच नये, हे सर्वांत बरे.

जलाशयाचा काठ गावच्या तळ्यासारखा नसतो. तो बुडालेल्या डोंगराचा उतार असतो. दोन पावलांवर घोटाभर पाणी आणि तिसऱ्या पावलास तळ नाही, असे होऊ शकते. तळाशी गाळ व जुन्या झाडांची खोडे असतात. पोहता येणाऱ्यानेही तेथे उतरू नये. रंध्याचा धबधबा, जेथे प्रवरा सुमारे ५२ मीटर खोल कोसळते, तो कठड्याच्या आतूनच पाहावा. पावसाळ्यानंतर त्याचा प्रवाह वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असतो. तेव्हा आकाश निरभ्र असतानाही नदीचे पाणी वाढू शकते.

कोणी पाण्यात पडल्यास काय करावे, याचा सराव मैदानावर करून घ्यावा. चुन्याने काठ आखून एका मुलाने ‘पाण्यात’ बसावे. बाकीच्यांनी क्रमाने चार गोष्टी कराव्यात : मोठ्याने हाक मारणे; आडवे पडून काठी, ओढणी किंवा दोर पुढे करणे; तरंगणारी वस्तू, उदाहरणार्थ झाकण लावलेला रिकामा डबा, फेकणे; मोठ्यांस बोलावून ११२ क्रमांकास कळविणे. पाण्यात उडी घालावयाची नाही, हे तीन वेळा म्हणवून घ्यावे. एकाला वाचविण्यास दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, असे वारंवार घडले आहे.

इतर धोके थोडक्यात सांगावेत. विजेचा लखलखाट व गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर उघडा माथा, लोखंडी शिडी व एकटे झाड सोडावे, आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत आश्रय घ्यावा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे उपयोजन मोबाइलवर विजेची सूचना देते. मात्र डोंगरात संदेश पोहोचेलच असे नाही, म्हणून आकाशाकडे लक्ष ठेवावे. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये; अंग हलू न देता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून शासकीय रुग्णालय गाठावे. ते रुग्णालय कोठे आहे, हे निघण्यापूर्वी विचारून आराखड्यावर लिहावे. आग्या मोहोळाजवळ धूर किंवा गडबड करू नये. एक कागद शेजारच्या घरी ठेवावा : कोण गेले, कोठे गेले, कधी परतणार.

आता तेथील लोकांशी व रानाशी वागणूक. या भागात महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव करून १८४८ साली ठाण्यास फासावर गेलेले राघोजी भांगरे याच मुलखातील देवगावचे. देशी वाणांचे बियाणे जपल्याबद्दल २०२० सालचा पद्मश्री किताब जाहीर झालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या. अशा गावी जाताना आपण पाहुणे असतो, याचे भान ठेवावे. भाताच्या बांधावरून चालावे, पिकातून चालू नये. खळ्यात पादत्राणे घालून शिरू नये. विचारल्यावाचून कोणाच्या घराचे वा माणसाचे छायाचित्र काढू नये. भाव आधी ठरवावा आणि ठरल्यावर घासाघीस करू नये.

१९८६ पासून हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. फुले तोडू नयेत, माकडांस खाऊ देऊ नये, मोठ्याने गाणी लावू नयेत. काजव्यांचे उदाहरण येथे फार बोलके आहे. काजव्याचे लुकलुकणे म्हणजे नर-मादीने एकमेकांस घातलेली साद असते. विजेरीचा वा मोटारीच्या दिव्याचा झोत पडला की ती साद एकमेकांस दिसत नाही. गर्दीच्या पायांखाली जमिनीवरील माद्याही चिरडल्या जातात. ज्या सौंदर्यासाठी माणसे येतात ते त्यांच्या येण्यानेच कमी होते.

शेवटी पुन्हा पाण्याकडे यावे. पहिल्या तासिकेतला दोरा नकाशावर ठेवून विचारावे : जलाशयाच्या काठी टाकलेली पिशवी, साबणाचे पाणी, उष्टे अन्न, हे कोठे जाईल? मुलांची बोटे दोऱ्यावरून सरकत सरकत आपल्याच गावापाशी येऊन थांबतात. बरोबर नेलेला प्रत्येक कागद व पिशवी परत आणावयाची, हा नियम मग निराळा शिकवावा लागत नाही.

उपयोजन व गृहपाठ

१. मुक्कामाच्या घरमालकास पत्र लिहा. त्यात माणसांची संख्या व वये, येण्याची व जाण्याची तारीख, जेवणाची आवश्यकता, आजीसाठी खालच्या मजल्यावरील खोलीची विनंती आणि खर्चाची विचारणा असावी.

२. पूर्ण तिकीट १४० रुपये असल्यास वरील कुटुंबाचा जाण्यायेण्याचा खर्च काढा. (उत्तर : ७०० रुपये.)

३. घरातील सर्वांत वयस्क माणसास विचारून लिहा : त्यांना कोठे जावेसे वाटते, आणि त्यासाठी घराने काय तयारी करावी लागेल?

४. गावचा पाझर तलाव व जवळची टेकडी यांची अर्ध्या दिवसाची सहल पालकांसह आखा. ज्या गटाचा आराखडा सर्वांत चांगला असेल त्याप्रमाणे एखाद्या रविवारी पालकांनी मुलांसह जाऊन यावे, असे पालकसभेत सुचवावे. शाळेतर्फे सहल काढावयाची झाल्यास मात्र वरिष्ठांची पूर्वपरवानगी व पालकांची लेखी संमती घेणे आवश्यक आहे.

मूल्यमापन

आराखडा तपासताना अक्षर व चित्रे यांस कमी गुण ठेवावेत. पुढील प्रश्नांवर भर द्यावा : प्रत्येक माणसाच्या नावापुढे काही लिहिले आहे काय? ओझे व वेळ यांचा हिशेब जुळतो काय? बेत फसल्यास दुसरा मार्ग लिहिला आहे काय? रुग्णालयाचा ठावठिकाणा आहे काय? परत आणावयाच्या कचऱ्यासाठी पिशवी धरली आहे काय?

तपासलेले आराखडे मुलांस परत न देता वर्गाच्या कपाटात ठेवावेत. सुटीत जी कुटुंबे कोठेही जाऊन येतील, मग ते देवस्थान असो, नातेवाइकांचे गाव असो वा ऊसतोडीचा फड असो, त्यांच्या मुलांनी परतल्यावर आपला आराखडा काढून त्यात लाल शाईने दुरुस्त्या कराव्यात. पुढील वर्षीच्या वर्गास पाठ देताना शिक्षकाने हे दुरुस्त केलेले आराखडेच नमुना म्हणून पुढे ठेवावेत.